नव्या पोपटांचा पिंजरा आणि पाच अतिचार



जैनाच्या घरात पिंजरा असावा का? सरळ उत्तर "नसावा" असंच आहे आणि माझंही तेच मत आहे. तरीही सध्या आमच्या मधल्या खोलीत तीन फूट लांबीचा पिंजरा आहे आणि त्यात दोन पोपट आहेत. हे दोन्ही एकत्र कसं बसतं आणि तो पिंजरा लावताना आम्ही काय काय पाहिलं, ते आज सविस्तर लिहिते. स्वाध्यायाला येणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलं होतं, त्यांच्याही उपयोगी पडेल.

पोपट आम्ही विकत आणलेले नाहीत. धाकट्या नणंदबाईंच्या यजमानांची आषाढात बदली झाली. नव्या गावी घरमालक पक्षी ठेवू देईना. "वहिनी, दुकानात परत द्यायला मन होत नाही, तो पुन्हा कुणालाही विकेल," असं म्हणून त्या दोघांना घेऊनच सांगलीला आल्या. एक हिरवा आणि एक निळी. बाजारात यांना सर्रास 'लव्ह बर्ड' म्हणतात, पण खरं नाव बजरीगर, म्हणजेच बजी. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागातले. वजन तीस-चाळीस ग्रॅम. आपला लाल चोचीचा, गळ्यावर कंठ असलेला पोपट वेगळा आणि हे वेगळे. हा फरक मुद्दाम सांगते, कारण आपला देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडता, विकता किंवा घरात ठेवता येत नाही. आजोळी पिंजऱ्यात राघू होता, आजी त्याला मिरची द्यायची, अशा आठवणी पुष्कळांच्या असतील, पण ते आता चालत नाही आणि ते बरंच झालं. बजी या कायद्यात येत नाहीत. मोठ्या परदेशी पोपटांपैकी बहुतेकांची २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती बजींना लागत नाही.

कायद्याचं झालं, पण सासूबाईंचं काय? त्यांनी पिंजरा उंबऱ्याच्या आत आलेला पाहिला आणि म्हणाल्या, "देव्हारा आणि पिंजरा एका छपराखाली नको गं."

त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. नेमिनाथ भगवंतांची कथा आपण सगळ्याच ऐकत आलो आहोत. लग्नाची वरात निघाली, वाटेत मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी आला आणि भगवंतांनी रथ मागे फिरवला. ते गिरनारला गेले. सासूबाईंनी त्याहून जवळची कथा काढली, जीवंधरकुमारांची. वादीभसिंह आचार्यांच्या 'क्षत्रचूडामणी'त ती आहे. जीवंधरांनी पूर्वभवात राजहंसाचं पिल्लू आईबापांपासून तोडून पाळायला आणलं होतं. मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं, हौसेनेच आणलं होतं. तरी त्या कर्माचं फळ म्हणून पुढच्या भवात त्यांच्या वाट्याला आईबापांचा वियोग आला. "हौसेनं आणलं म्हणून कर्म हलकं होत नाही," असं म्हणून त्यांनी निकाल दिला, "पर्युषणाच्या आत सोडून द्या."

माझी लेक नववीत आहे. तिने आजीशी वाद घातला नाही, पण रात्री जेवली नाही. तिला पोपट हवे होते आणि आजीचंही पटत होतं. मलाही तसंच होत होतं.

मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. हे पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेले, यांचे आईबापही पिंजऱ्यातलेच. बजी युरोपात नेले गेले ते १८४० च्या सुमाराला आणि तेव्हापासून माणसाच्या हाताखाली त्यांच्या पिढ्यान् पिढ्या झाल्या. आपल्याकडच्या झाडांवर काय खायचं, पाणी कुठे शोधायचं, शिक्रा आला तर कुठे लपायचं, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. सांगलीच्या गच्चीवरून सोडले तर पहिल्या दिवशीच कावळे गाठण्याची शक्यता जास्त. म्हणजे पिंजऱ्याचं दार उघडून आपण पुण्य मिळवल्यासारखं वाटेल आणि पक्षी मरेल.

सासूबाईंना हे ऐकून पटलं नाही. "डॉक्टर काय, पाळणाऱ्यांच्या बाजूनंच बोलणार," म्हणाल्या. मग ठरलं की आधी बंद खोलीत सोडून बघायचं. मधल्या खोलीच्या खिडक्या लावल्या, काचेवर आपटू नयेत म्हणून पडदे ओढले, कपाटाच्या आरशावर चादर टाकली, पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली आणि पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. सासूबाई हातात जपमाळ घेऊन खुर्चीत बसल्या.

पहिल्या दिवशी कुणीच बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी हिरवा दारात आला आणि एकदम उडाला. खोलीभर दोन वेढे घातले, पडद्याला धडकला आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. चोच उघडी, छाती धपापतेय. खाली पिंजऱ्यात दाणा-पाणी दिसत होतं, पण त्याला खाली उतरायचं कसं ते कळेना. अडीच तास तो तिथेच बसून होता. शेवटी आतून निळीने साद घातली, तेव्हा अर्धं उडत, अर्धं पडत तो पिंजऱ्याच्या टपावर आला आणि चाचपडत आत गेला.

सासूबाई माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "ह्याला खोलीतलं घर सापडंना, बाहेर झाड कुठलं सापडायचं?" थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "सोडणं होत नसेल, तर बांधलेल्याचं बंधन हलकं तरी करा. अतिचार बघा."

अतिचार म्हणजे व्रताला लागणारा दोष. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणं. वध, म्हणजे मारणं, इजा करणं. छेद, म्हणजे अवयव कापणं. अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही असं ओझं लादणं. आणि अन्नपाननिरोध, म्हणजे खाणंपिणं अडवणं. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केले तेव्हा बैलगाडी, गोठा एवढंच डोळ्यांपुढे यायचं. दोन पोपटांसाठी पिंजरा लावायला घेतला तेव्हा लक्षात आलं की यातला एकेक शब्द पिंजऱ्याला लागू पडतो. म्हणून पिंजऱ्याची सगळी मांडणी आम्ही याच पाच मुद्द्यांवर केली.

पहिला बंध. हा दोष पूर्ण जाणार नाही, पण कमी करता येतो. नणंदबाईंकडचा पिंजरा गोल आणि उंच होता, दिसायला सुरेख, आपल्या कंदिलासारखा. पण पक्षी वरखाली उडत नाही, आडवा उडतो. त्यामुळे पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त हवा. आम्ही तीन फूट लांब, दीड फूट खोल आणि दोन फूट उंच असा चौकोनी घेतला. गोल पिंजऱ्यात पक्ष्याला टेकायला कोपराही मिळत नाही. सळ्यांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. पुढच्या सरकत्या झडपा हे पक्षी चोचीने वर उचलतात, म्हणून त्यांना कपड्याचा छोटा चिमटा लावायचा.

मोठा पिंजरा घेतला म्हणजे झालं असंही नाही. रोज सकाळी दोन तास दार उघडं असतं. पंखा बंद, स्वयंपाकघराचं दार बंद, खिडक्या बंद. पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी आम्ही अजून काढलेली नाही. फिरत्या पंख्याने घरात उडणाऱ्या पक्ष्याचं काय होतं हे सांगायला नको. हळूहळू दोघंही उडायला शिकली. आता दांडीवरून सरळ पिंजऱ्याच्या दारात उतरतात.

दुसरा वध. आपण काही पोपटाला मारणार नाही, पण पिंजरा कशाचा आहे आणि कुठे ठेवला आहे यावर त्याचा जीव अवलंबून असतो. स्वस्तातली चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घेऊ नका. पोपट चोचीने सळ्या धरूनच चढतो, त्या चावतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. स्टेनलेस स्टीलचा उत्तम. तो महाग पडतो, म्हणून आम्ही चांगला पावडर कोटिंगचा घेतला. रंगाचे पोपडे निघतात का हे नखाने खरवडून पाहिलं.

जागा ठरवताना सगळ्यात आधी स्वयंपाकघर बाद केलं. नॉनस्टिकचा तवा रिकामा राहून फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ पक्ष्यांना मारते. आपल्याला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत खाली पडतो. आमच्याकडे डोशाला एक असा तवा होता, तो काढून बिडाचा आणला. धूप, अगरबत्ती, कापूर, डासांची कॉइल, फवारे, डांबरगोळ्या हे सगळं पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. म्हणून देव्हाऱ्याची खोलीही बाद. "बघा आई, देव्हारा आणि पिंजरा एका छपराखाली असले तरी एका खोलीत नाहीत," असं मी म्हटलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मधल्या खोलीत भिंतीला टेकून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला पिंजरा ठेवला आहे. एक बाजू भिंतीला असली की पक्ष्याला सुरक्षित वाटतं. चारी बाजूंनी उघडा असला की तो सतत दचकतो. सकाळचं कोवळं ऊन पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागात येतं, म्हणजे नको तेव्हा सावलीत सरकता येतं. शेजारच्या मांजरासाठी खिडकीला जाळी आहेच. रात्री जुन्या सुती साडीचा घट्ट विणीचा तुकडा तीन बाजूंनी टाकते, चौथी बाजू हवेसाठी उघडी. दहा-बारा तास झोप त्यांना लागते, म्हणून त्या खोलीतला टीव्ही हलवला.

बसायच्या दांड्या हाही याच मुद्द्यातला भाग. पिंजऱ्याबरोबर गुळगुळीत, एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या येतात. दिवसभर त्यावर बसून पायाला घट्टे आणि फोड येतात. वेड्यावाकड्या, कमीजास्त जाडीच्या लाकडी फांद्या चांगल्या. पेरू आणि कडुनिंब दोन्ही चालतात. आता आपल्यापुढे प्रश्न असा की त्यासाठी हिरवी फांदी तोडायची का? शेजारच्या काकूंनी तारांना लागतात म्हणून पेरूच्या फांद्या छाटून घेतल्या होत्या, त्यातल्याच चार आणल्या. आत मुंग्या, अळ्या नाहीत हे पाहायला दोन दिवस अंगणात ठेवल्या, मग झटकून, धुऊन, वाळवून लावल्या. दाण्या-पाण्याच्या वाट्यांवर दांडी येऊ द्यायची नाही, नाहीतर विष्ठा आत पडते.

तिसरा छेद. दुकानदार "पंख कापून देऊ का" असं सहज विचारतात. पिसं कापली तर रक्त येत नाही, पुन्हा उगवतात, हे खरं आहे. पण उडणं हाच ज्याचा देह, त्याचं उडणं कापणं याला मी तरी छेदच म्हणेन. उडता येत नसलेला पक्षी पडतो तेव्हा छातीवर पडतो. आमच्या घरात कात्री लागणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं.

चौथा अतिभारारोपण. पोपटावर कसलं ओझं? रस्त्याकडेला चिठ्ठ्या उचलणारा ज्योतिषाचा पोपट आठवा. एवढंसं जनावर, दिवसभर उन्हात आत-बाहेर करतं. आपल्या घरातलं ओझं वेगळं असतं. "बोल, बोल" म्हणून मागे लागणं, पाहुण्यांपुढे खेळ करायला लावणं, मुलांनी मुठीत धरणं. बजीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच श्वास चालतो, म्हणून मुठीत आवळलं तर गुदमरतो. लेकीच्या मैत्रिणींना हे मी स्पष्ट सांगितलं आहे. हात पिंजऱ्यात घालायचा नाही. दाणा हातावर ठेवून थांबायचं, तो आला तर आला. महिन्याभराने हिरवा लेकीच्या बोटावर बसायला लागला. निळी अजून येत नाही आणि तिच्यावर जबरदस्ती नाही.

पाचवा अन्नपाननिरोध. हा सगळ्यात फसवा, कारण तो नकळत होतो. बजी दाण्याचं टरफल काढून आतला दाणा खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण ते सगळं फोल असतं. अशा भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी मेल्याच्या गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या. म्हणून रोज सकाळी वाटी बाहेर नेऊन हलकी फुंकायची, फोल उडवायचं आणि वर ताजा दाणा घालायचा. राळे आणि बाजरी हा मुख्य दाणा. ज्वारीचं कणीस मिळालं की टांगून ठेवायचं. दिवसभर सोलत बसतात, वेगळ्या खेळण्याची गरज पडत नाही.

दाणा आठवड्यापुरताच आणते. पावसाळ्यात धान्याला किडे, सोनकिडे फार लवकर होतात. एकदा झाले की ते निवडून काढणं म्हणजे त्यांचीही हिंसा आणि आपलाही ताप. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवला तर होतच नाहीत. मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचा सल्ला मिळाला, पण त्यात मुंग्या बुडून मरतात. त्यापेक्षा सूर्यास्ताआधी खालचा ट्रे झाडून घेतला, सांडलेला दाणा उचलला, तर मुंग्या येतच नाहीत. ट्रेमध्ये रोज वर्तमानपत्राचा नवा कागद. त्यातून भगवंतांचे आणि मुनींचे फोटो असलेली पानं सासूबाई आधी बाजूला काढतात. कागद रोज पाहायचा, कारण विष्ठा पातळ झाली किंवा रंग बदलला तर ते पहिलं लक्षण असतं. पक्षी आजार लपवतो. अंग फुगवून एका जागी बसला, शेपूट श्वासाबरोबर खालीवर होऊ लागली, खाणं थांबलं, तर उद्यावर न टाकता डॉक्टरांकडे जायचं. एवढ्या छोट्या जिवाला एक दिवसही फार असतो.

पाणी आपल्यासारखंच गाळून आणि दिवसातून दोनदा नवं. दिवस मावळला की दोघंही सगळ्यात वरच्या दांडीवर जातात आणि दाण्याला शिवत नाहीत. "ह्यांना रात्रिभोजनत्याग शिकवावा लागत नाही," याचं सासूबाईंना भारी कौतुक.

आता आपल्या घरांत हमखास येणाऱ्या अडचणी सांगते. पक्ष्यांच्या दुकानात कॅल्शियमसाठी एक पांढरा, लांबट तुकडा देतात, त्याला समुद्रफेस म्हणतात. नावावरून तो समुद्राचा फेस वाटतो, पण ते माकूळ नावाच्या समुद्री जीवाच्या शरीरातलं कवच आहे. आम्ही तो परत केला आणि खनिजाचा ठोकळा आणला, तो सळ्यांना बांधता येतो. घेताना त्यावर शिंपल्यांची पूड लिहिलेली नाही ना ते वाचून घ्या. दुसरं, उकडलेल्या अंड्याचं खाणं. पैदास करणारे लोक ते देतात, पैदास करायची नसेल तर त्याची गरज नाही. तिसरं, गाजर द्या असं सगळे सांगतात, पण ते कंदमूळ. त्याऐवजी लाल भोपळा आणि लाल भोपळी मिरची द्या, जीवनसत्त्व अ दोन्हींत भरपूर. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद असते. मग यांची कोथिंबीर-मेथी आणायची का, हा प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "व्रत आपण घेतलंय, त्यांच्यावर लादलं तर तोही निरोधच." पण भोपळा, मिरची, काकडी, मक्याचे दाणे यांवर त्यांचं छान भागतं, त्यामुळे पाल्याविना चार महिने सहज निघतात. कांदा, लसूण, चॉकलेट, ॲव्होकाडो पक्ष्यांना घातक. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे नसतातच.

पैदाशीवरून लेकीशी थोडं बोलावं लागलं. निळीच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग तपकिरी आहे, हिरव्याचा निळा. म्हणजे जोडी नर-मादीची आहे. लोक पिंजऱ्यात मातीचं मडकं टांगतात, त्यात अंडी घातली जातात. लेकीला पिल्लं पाहायची होती. मी तिला विचारलं, "सहा झाली तर कुठे ठेवशील?" ती म्हणाली, मैत्रिणींना देईन. "आणि त्यांच्या घरी सहा झाली तर?" यावर ती गप्प झाली. बजींना पोकळी मिळाली नाही तर ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून मडकं टांगायचंच नाही. जन्मल्यापासून कोंडून राहणारा आणखी एकही जीव आमच्या घरात निर्माण व्हायला नको, एवढं तिलाही पटलं.

पर्युषण जवळ आलं म्हणून आणखी एक लिहिते. काही ठिकाणी पारध्याकडून पक्षी विकत घेऊन सोडण्याची पद्धत आहे. भावना जीवदयेचीच असते. पण सोडवायला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पकडणारा आणखी जाळी लावतो. पकडताना आणि कोंडताना कितीतरी मुनिया मरतात आणि सोडलेल्यांतल्याही बऱ्याच थकून वाचत नाहीत. त्याऐवजी ते पैसे जखमी पक्ष्यांच्या औषधाला द्यावेत. दिल्लीत चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर आपल्या दिगंबर लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, १९२९ पासूनचं. तिथेही पिंजरेच आहेत, पण ते बरं होईपर्यंतचे. बरा झालेला पक्षी आकाशात सोडतात. मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली, ती शेट जमशेटजी जीजीभाई या पारशी गृहस्थांच्या आणि अमीचंद शहांच्या पुढाकाराने. 'पांजर' म्हणजे पिंजराच. कोंडण्यासाठी असतो तसा सांभाळण्यासाठीही पिंजरा असतो, हे या नावातच आहे. आपला कुठला, ते रोजच्या वागण्यावरून ठरतं.

सासूबाईंनी शेवटी होकार दिला तो नियमांसकट. विकत एकही पक्षी आणायचा नाही. मडकं टांगायचं नाही. कात्री लावायची नाही. परगावी जायचं तर कुणीतरी घरी थांबायचं, वाट्या भरून कुलूप लावायचं नाही. पाचवा नियम लेकीच्या प्रश्नातून आला. ती म्हणाली, "आजी, एक आधी गेला तर? हे थव्यात राहणारे आहेत, दुसरं एकटं झुरेल." यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. ठरलं असं की तेव्हाही दुकानात जायचं नाही. यांच्यासारखंच कुणाच्या घरी नकोसं झालेलं एखादं आणायचं. आणि ते शेवटचं गेलं की पिंजरा जखमी पक्ष्यांसाठी देऊन टाकायचा.

हे पक्षी सहसा पाच ते आठ वर्षं जगतात. म्हणजे लेक कॉलेज संपवेल तोवर हा पिंजरा आमच्याकडे राहील आणि तोवर पहिला अतिचार रोज थोडा थोडा लागत राहील. प्रतिक्रमणात आता आम्ही तिघी त्याची आलोचना नाव घेऊन करतो. सासूबाई म्हणतात, दोष दिसतो आहे तोवर हात जपून चालतो.

मैत्रिणींनो, दुकानातून पोपट आणायचा विचार असेल तर आणू नका, मुलं कितीही मागे लागली तरी. पण कुणाच्या घरी नकोसे झालेले असतील आणि ते दारात आले, तर "आम्ही जैन, आमच्याकडे पिंजरा चालत नाही" म्हणून मागेही लावू नका. लांबट पिंजरा घ्या, फांद्या लावा, तवा बदला, रोज वाटी फुंका. काही अडलं तर मला विचारा.

जय जिनेंद्र.